तिसरा धा

१० जानेवारी १९८४, सातपूर

मनमाडहून बिऱ्हाड हललं. मी, लता, तीन वर्षांची सुजाता, एक ट्रंक आणि माझी ढोलकी. धोंडीरामदादांनी त्यांच्या गायन पार्टीत घेतलंय, तालमीच्या जागेला लागून खोलीही दिलीय. दादा कारखान्यात फिटर, त्यामुळे यंत्रांचं भारी वेड. आपोआप ताल धरणारी रिदम मशीन आणलीय. शेजारी टेपरेकॉर्डर. टेपची दोन्ही टोकं चिकटवून तिचा गोल केलाय, तो सोड्याच्या बाटलीला वळसा घालून फिरत राहतो. मी वाजवलेला तुकडा फिरून परत येतो, त्यावर मी दुसरा चढवायचा. वर इको, म्हणजे आवाज घुमवणारं बटण. वाजवणारा मी एकटा, पण ऐकणाऱ्याला वाटावं चार ढोलकीवाले बसलेत. मी तर हुरळून गेलोय.

दादांची एकच अट. शेवटची तिहाई, म्हणजे ‘धा’वर संपणारा तोच बोल तीनदा वाजवून थांबणं, ती हातानंच करायची. म्हणाले, शेवट मशिनीला द्यायचा नाय. का, ते विचारलं तर चहा मागवला. आधीचा ढोलकीवाला गोटीराम वारला, एवढंच सांगतात.

१५ जानेवारी

काल देवळाली कॅम्पात कार्यक्रम. आयत्या वेळी सुचेल ते टेपवर चढवत गेलो. फौजी खुर्च्या सोडून नाचले. लता म्हणाली, आता जरा जमिनीवर या.

१९ जानेवारी

सलग तीन कार्यक्रम, मनगट सुजलंय. आज तालमीत तिहाईसुद्धा टेपवर भरून टाकली. झकास फिरली. दादा कामावर होते, त्यांना काय कळतंय.

संध्याकाळी हातानं तिहाई घेतली. दोन धा पडले. तिसऱ्याला हात वरच राहिला.

२१ जानेवारी

बोटं थांबत नाहीत. ताटावर, गुडघ्यावर, झोपेतसुद्धा. गोटीरामची बायको भिमाबाई शेजारीच राहते. तिनं माझी बोटं पाहिली आणि चहा तसाच ठेवून उठली. दारातून म्हणाली, ह्यांची बी अशीच चालायची, मरेपर्यंत.

२३ जानेवारी

मशीन आणि टेप, दोन्हींच्या वायरी काढल्या. दुपारी सुजाताला थोपटून निजवलं. चुकलो. फार चुकलो. तिचा श्वास माझ्या बोटांच्या तालात चालायला लागला. हात काढला तरी —

२४ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, सुजाताची धडधड जास्त आहे. जास्त नाही, दुगुन आहे, तालाच्या बरोबर दुप्पट. वायर काढलेली, आणि टेप बाटलीभोवती फिरतेय. मला भीती वाटते.

२५ जानेवारी

दादांचे पाय धरले. दादाच रडले. गोटीरामनंही शेवट टेपला दिला होता. दादांनीच कात्रीनं टेप कापली, त्याच क्षणी तो ढोलकीवर आडवा झाला. म्हणजे कापायची नाही. माझी लेक त्या टेपवर चाललीय. हातानं तिसरा पाड, तर सुटशील, म्हणाले. गोटीरामला नाय जमलं —

२६ जानेवारी

सकाळपासून. दोन पडतात. तिसरा नाही. लतानं माझा हात धरून ढोलकीवर आपटला. बोटं आधीच वळली —

सुजाताचा श्वास आता चौगुन, चौपट.

दुपार

पेन धरलं की हात ताब्यात राहतो, म्हणून मधे मधे लिहितोय. सुजाता लताच्या मांडीवर. ओठ निळे.

पहिला पडला.

दुसरा —

पडला. सुजाताचा श्वास थांबला. तिसऱ्यासाठी थांबलाय. डोळे उघडे, माझ्याकडेच बघतेय. बाळा, थांब. पेन टाकतो आणि