आईची राखीव लाकडं

१२ ऑक्टोबर, शनिवार

आई लाकडांना हात लावू देत नाही!

घरामागे पत्र्याखाली बुक्वाच्या झाडाच्या कठीण लाकडांची अख्खी थप्पी आहे. तीन उन्हाळे खाल्लेली. एकमेकांवर आपटली की भांड्यासारखी वाजतात. त्यांच्याच भरवशावर मी वर्षभर निवांत होते. आज टोपली घेऊन गेले, तर ही दारात आडवी. "ती माझी आहेत."

"मग तुझ्याच चुलीत जाळते ना!"

"मी गेल्यावर."

ती गेल्यावर सात दिवस बायका घरी दुवा मागायला येतील, तेव्हा खोलीत धूर नको. बाबांच्या वेळी लाकडं ओली निघाली होती. घरभर धूर, प्रत्येकीच्या डोळ्यांना धार. समोरची शेफिका म्हणाली होती, "बरं झालं. त्या निमित्ताने रडले तरी सगळे." एकोणीस वर्षं झाली त्याला. आई रोज शेफिकाकडे कॉफीला जाते. विसरलेली मात्र नाही.

"या हिवाळ्यात लागतीलच," म्हणाली. पाहुणे यायचे असावेत तशी.

१५ ऑक्टोबर

ऑक्टोबरात वाळलेली लाकडं शोधणारी अख्ख्या बोस्नियात मी एकटीच असेन. शहाण्यांनी मे महिन्यातच भरून ठेवलीत. शेवटी खालच्या आळीतला रिफेत म्हणाला, "दोन वर्षं वाळलेली, ताई! पोरांची शपथ."

ट्रॅक्टर आला. त्याने स्वतःच रचून, मोजून दिली. रचलेल्या लाकडांमधून शेजारचं मांजर आरपार निघून गेलं. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "याला पोरं कुठे आहेत?"

१८ ऑक्टोबर

लाकडं जळत नाहीत, उकडतात. टोकांना फेस येतो. रिफेतला बोलावलं. चुलीपुढे बसला, डोळे पुसत म्हणाला, "लाकूड कोरडंच आहे ताई. तुमचं धुराडं ओलं आहे."

३ नोव्हेंबर

आई खोकते. ट्राव्निकच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं — ऊब हवी, धूर नको, हृदयाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. आज साखरेच्या डब्यात गोळ्या सापडल्या. महिनाभराच्या!

"हिवाळ्यापुरती तर आहे मी," म्हणाली. "कशाला वाया घालवायच्या?"

ओरडले. मग न्हाणीघरात जाऊन रडले. धुराने, असं सांगितलं.

९ नोव्हेंबर

पहिला बर्फ. मागून दोन लाकडं चोरली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारी, कोटाखाली लाकडं लपवून स्वतःच्या घरात शिरते!

खोलीत छान ऊब आली. आई अंथरुणातून म्हणाली, "हा आवाज रिफेतच्या लाकडांचा नाही." उरलेलं एक परत ठेवून यायला लावलं.

१० नोव्हेंबर

आईने गोळी घेतली नाही. मी बोललेही नाही.

२१ नोव्हेंबर

शेफिका गेली. सकाळी सून कॉफी घेऊन गेली, तर अंग गार झालेलं. आजारी आमची, आणि गेली ती.

दुपारी मातीला पुरुष गेले. आई खिडकीत बसून होती. समोरच्या धुराड्यातून पिवळा, जड धूर निघत होता. त्यांनीही लाकडं रिफेतकडूनच घेतलीत, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलणार. एकोणीस वर्षं वाट पाहिली होती तिने या धुराची.

"हातगाडी काढ," म्हणाली.

"किती नेऊ?"

"सगळी. सात दिवस चूल विझत नाही, माहीत नाही का तुला?"

अकरा खेपा झाल्या. पत्र्याखाली नुसत्या ढलप्या उरल्या. शेफिकाची सून दारातच रडायला लागली. "मावशी, ही तर तुमची —"

"तुझ्या सासूने अपमान केला होता माझा," आई म्हणाली. "ही त्याची परतफेड. घे आत."

संध्याकाळी दुवेला आई चुलीला खेटून बसली. ज्वाळा स्वच्छ, धुराचा मागमूस नाही. कुणी डोळे चोळले नाहीत. आईच्या डोळ्यांतून तेवढं पाणी वाहत होतं. सगळ्यांसमोर. तिने पुसलंही नाही.

२४ नोव्हेंबर

आई समोर जाते, येते, जेवते. कॉफीच्या वेळी दोन कप काढते, एक परत ठेवते. मागच्या रिकाम्या जागेकडे मी बघत नाही. तीही बघत नाही.

२९ नोव्हेंबर

आईने आज रिफेतला स्वतः बोलावलं. दारातच म्हणाला, "मावशी, या वेळी खडखडीत वाळलेली देतो, पोरांची —"

"तुझ्या वाळलेल्यांचा अनुभव आहे. ओली दे. आज तोडलेली. वाळवीन मी."

"ओली? आजवर कुणी मागितली नाहीत! दोन उन्हाळे लागतील, मावशी. तीनसुद्धा."

"लागू देत," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "गोळ्या कुठे ठेवल्यास?"