बंधाऱ्याचं गाऱ्हाणं

बाबा, काल सकाळी देवळात गाऱ्हाणं मी घातलं. तुमच्यानंतर इतकी वर्षं धाकटे काका घालत होते, पण आता त्यांच्याने फार वेळ उभं राहवत नाही, आणि गावाने परस्पर ठरवून टाकलं की मान घराण्याचा आहे तर मुलाने पुढे व्हावं. मी पुष्कळ आढेवेढे घेतले. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा माणूस मी. दिवसभर माझं जे काही बोलणं होतं ते इंजिनाशी, आणि त्यातलं निम्मं देवळात उच्चारण्यासारखं नसतं. पण ऐकतो कोण? शेवटी आंघोळ केली, धोतर नीट नेसता येत नाही म्हणून पंचा गुंडाळला आणि उभा राहिलो. सणवार काही नव्हता. गाव तालुक्याच्या कचेरीसमोर धरणं धरायला निघालं होतं, आणि निघण्याआधी देवाच्या कानावर घालायचं होतं. धरणं कशासाठी, हे तुम्हाला सांगायला नको. तोच बंधारा, बाबा. अजून तोच.

मंत्री आले होते तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा आहे. वादळात किनाऱ्यालगतचे माड आडवे झालेत, आपल्या वाडीतल्या काही घरांच्या मागच्या पडव्या समुद्राने ओढून नेल्यात. गाड्यांचा ताफा देवळाशी थांबतो, मंत्री उतरतात, पायरीवर उभे राहून म्हणतात, "काळजी करू नका, पुढच्या पावसाळ्याआधी तुमच्या वाडीला दगडी बंधारा मिळेल." टाळ्या पडतात. असलं वाक्य ते त्या दिवशी आणखी किती गावांत बोलले असतील कोण जाणे. त्यांच्या लेखी कार्यक्रम तिथेच संपला होता, तुमच्या लेखी तो सुरू व्हायचा होता. तुम्ही नारळ घेऊन पुढे झालात, गाव मागे हात जोडून उभं राहिलं, आणि तुमचा तो खणखणीत आवाज सभामंडपात घुमला. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या पायरेर उभ्या ऱ्हवान सायबांनी आमच्या वाडीक बंधारो बांधून देतंव म्हणान शब्द दिल्यानी हा, तो शब्द तडीक ने रे म्हाराजा!" आणि सगळं गाव एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" मंत्र्यांना हे गमतीचं वाटलं असावं. ते हसले, त्यांनीही हात जोडले आणि प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून ते गाडीत बसले. आपण मात्र धरून चाललो की आता गोष्ट पक्की झाली. एकाने गाऱ्हाणं घातलं, साऱ्या गावाने व्हय म्हटलं, आणखी काय हवं? अशी चूक आपल्यासारखी माणसंच करू जाणोत. शब्द त्यांनी सहज दिला होता, देवापुढे बांधलात तो तुम्ही.

पुढचा पावसाळा आला, त्याच्या पुढचाही आला. किनाऱ्यावर काळ्या दगडांचे ढीग येऊन पडले आणि त्यांच्यावर गवत उगवलं. मंत्री बदलले, मग सरकार बदललं, आणि नव्या सरकारने तेच नव्याने सांगितलं. तेव्हा वाडीतल्या बायकांनी ठरवलं की कचेरीसमोर जाऊन बसायचं. त्या सकाळी आई चुलीवर पेज ठेवते, केसांत अबोली माळते आणि चपला शोधायला लागते. तुम्ही पाटावर बसलेले, समोरच्या पेजेला हात नाही.

"देवाच्या पुढ्यात घातलेली गोष्ट तू कचेरीत न्हेतंस?" तुम्ही विचारलंत. "देवार विश्वास नाय तुझो?"

"देवाक सांगून झाला," आई म्हणाली. "आता माणसांका कोण सांगतलो?"

"सांगूक लागना नाय. शब्द दिलो म्हणजे दिलो."

"मगे बंधारो खंय आसा? दाखवा माका."

आई गेली. संध्याकाळी उन्हाने रापून परत आली ती चहाचा एक कप आणि आणखी एक आश्वासन घेऊन. हातात काही पडलं नव्हतं, हे तीही जाणून होती. पण त्या दिवशी ती बांगड्याच्या कढीशी भात कालवून पोटभर जेवली आणि कचेरीतला साहेब कसा दाराआड लपला याची नक्कल करून तिने आम्हाला हसवलं. तुम्ही अर्ध्या ताटावरून उठलात.

त्या वर्षीच्या जत्रेला तुम्ही गाऱ्हाण्याला उभे राहिला नाहीत. "घसो बसलो," म्हणालात, आणि नारळ काकांच्या हातात दिलात. आम्हाला ते खरंच वाटलं. मी मालवणात कामाला जात होतो. येताना औषधाच्या दुकानातून घशाच्या गोळ्यांची पाकिटं आणायचो. तुम्ही माझ्यादेखत पाकीट फोडून एक गोळी जिभेवर ठेवायचात आणि म्हणायचात, "बरां वाटता रे." अहो बाबा, माडावर चढलेल्या माणसाला तुम्ही खालून हाक मारलीत की ती शेजारच्या वाडीत ऐकू जायची! घसा बसलेला माणूस अशा हाका मारतो का, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. पुढे पुढे मला संशय आला तोही भलताच. वाटलं, तुम्ही घाबरलात. साहेबलोकांशी वाकडं नको, आपलं बोलणं-चालणं राहू दे, अशा विचाराने तुम्ही गप्प बसलात. बायकोला उन्हात पाठवून स्वतः गोळ्या चघळत घरी बसणारा बाप, असं चित्र मी मनात रंगवून ठेवलं आणि त्या रागात तुमच्याशी कामापुरतंच बोलण्याला सत्याग्रह म्हणत राहिलो.

समुद्र काही कोणासाठी थांबत नव्हता. आपल्या माडांची कडेची रांग गेली, मग तिच्या आतली. विहीर मचूळ झाली आणि आई पाणी आणायला रस्त्यापलीकडे जायला लागली. मुंबईची माणसं गणपतीला आली की तुम्ही त्यांना किनाऱ्यावर न्यायचात, लाटांकडे बोट करायचात आणि सांगायचात, "थंय आमचो माड होतो. गोड शहाळी लागत." पाहुण्यांना वाटायचं म्हातारा थट्टा करतोय. तुमच्या शेवटच्या आजारात तुम्ही खाट समुद्राकडच्या खिडकीपासून लांब सरकवायला लावलीत. वारा लागतो म्हणून, असं आम्ही समजलो.

आता तुमच्याशी थोडं भांडतो, कारण जिवंतपणी ते राहून गेलं. लोकांनी सरकारच्या विरोधात रस्त्यावर बसावं का? तुम्ही म्हणायचात, मोठ्या माणसाला दिल्या शब्दाची आठवण करून देणं म्हणजे त्याचा अपमान. पण मग देवाचं काय? जत्रेच्या गाऱ्हाण्यात तुम्ही देवाला चांगलं धारेवर धरायचात. गेल्या सालचं राखणीचं देणं घेतलंस म्हाराजा, मग गुरं कशी मेली? जाळी कशी फाटली? आमचं काय चुकलं असेल तर सांग, नाहीतर तू तुझं काम कर. सगळं गाव व्हय म्हणायचं आणि देवाचा अपमान झाला असं कधी कोणाला वाटलं नाही. देवाला इतकं हक्काने विचारणारा माणूस मंत्र्यापुढे मुका का होतो? ज्याला आपण निवडून दिलं त्याला जाब विचारायचा नाही, तर मग निवडायचं तरी कशाला? धरण्याने बंधारा होतोच असं नाही, हे मला कळतं. आई जाऊन बसली, तरी झाला नाही. उद्या माझीही तीच गत होईल. पण न बसल्यानेही तो झाला नाही, बाबा. आणि आई त्या रात्री जेवली तरी.

हे सगळं मी तुम्हाला ठणकावून लिहिणार होतो. परवा दुपारी आईने माझी हवाच काढून घेतली. ती आता ओसरीवरच असते, ऐकायला कमी येतं, पण गाऱ्हाणं मी घालणार हे तिच्या कानावर गेलं होतं. मला जवळ बसवून म्हणाली, "मोठ्यान घाल हां. बापाशीसारखो घसो बसवन घेव नको."

मी म्हटलं, "तेंचो घसो आजारानं बसलेलो गो."

"खंयचो आजार? लाज वाटत होती तेंका. म्हणत, देवाफुडे शब्द माझ्या तोंडातसून गेलो. तो खोटो पडलो. आता त्याच तोंडान गाऱ्हाणां कसा घालू, आनी त्याच तोंडान कचेरीत आरडू कसो?"

ती पुढे म्हणाली, "तुका सांगू नको म्हणान माका शपथ घातलेली."

म्हणजे ज्याने शब्द मोडला तो गाडीत बसून निघून गेला, आणि मोडल्याची शरम तुम्ही घरी घेऊन बसलात. सरकारचा खोटेपणा तुम्ही आपल्या जिभेवर घेतलात आणि त्यावर माझ्या गोळ्या चघळलात. मला तुमचा राग येतो अजून, पण तो पहिला राग नव्हे. एकदा मला सांगायचं होतंत. मी हसलो नसतो. तुमच्या शेजारी कचेरीसमोर बसलो असतो, आणि चूक कोणाची ते तिथे मोठ्याने सांगितलं असतं.

काल सकाळी मी नारळ घेऊन उभा राहिलो. आणि बोललो. "बा देवा म्हाराजा, ज्यांनी आमका शब्द दिलो तेंका तेची आठवण करूक आमी चललंव, आमच्या पायांक बळ दी रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "खंय दगड नको, शिवी नको, पण उत्तर घेतल्याबिगर उठना नको रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आवाज तुमच्यासारखा नव्हता, पण चालून गेला. मग आम्ही टेम्पोतून निघालो, दिवसभर कचेरीसमोर बसलो. साहेब काल भेटले नाहीत. आजही माणसं बसली आहेत, उद्याही बसणार, आळीपाळीने. आज माझी पाळी नाही म्हणून बंदरावरच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात बसून हे लिहितोय. कुठे पाठवायचं नाहीच आहे.

एक मात्र सांगायचं राहिलं. नारळ फोडण्याआधी मी आणखी एक वाक्य घातलं होतं. "बा देवा म्हाराजा, माझ्या बापाशीन तुझ्याफुडे जो शब्द घातल्यान, तो तेचो नव्हतो. तेचो बोल तेका लावू नको रे म्हाराजा." गाव व्हय म्हणायला थांबलं होतं. पण चारचौघांत तुमची लाज उघडी पडेल म्हणून मी ते तोंडातल्या तोंडात पुटपुटलो. कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून व्हय कोणी म्हणालं नाही, आणि व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं लागू होत नाही हे तुम्हीच मला शिकवलंत. मोठ्याने म्हणायला हवं होतं, बाबा. नेमका तेव्हाच माझा घसा बसला.