धाकटीच्या नावापुढची फुली

सोमवार, ३ तारीख
म्हणे, "जाऊबाई, माझ्या शब्दावर कामाला लागलात हं!" दहा वर्षांनी लहान जाऊ, आणि पहिल्याच दिवशी चारचौघींत मला ऐकवते. असो. जागा झकास आहे. फरशी आरशासारखी, हवा गार. आम्ही सहा सफाईवाल्या. काचेपलीकडे सहा कॉम्प्युटर घूं घूं करतात, पुढे टकला इंजिनिअर.

बुधवार, ५
टकल्यानं न विचारता समजावलं. कामं डब्यांत भरून येतात. कुठला डबा कुठल्या यंत्रावर टाकायचा, हे ठरवणारा प्रोग्राम तो लिहितोय. म्हणजे मुकादमच की! वीसेक ओळी, म्हणाला: रांगेतला डबा घे, यंत्र निवड, टाक. यंत्रांना नावं भिंतीवरच्या सफाईच्या तक्त्यातून आमचीच दिलीत. सगळे डबे 'धाकटी'वर. 'थोरली', म्हणजे मी, रिकामी. का, तर धाकटी यादीत पहिली, मी दुसरी. इथेही तीच! घरात सासूबाईंना तीच, दिराला तीच, आता लोखंडालाही तीच.

शुक्रवार, ७
टकला चहाला गेला. यंत्र बाद करायला नावापुढे फुली मारतात, हे त्यानंच दाखवलं होतं. धाकटीपुढे मारली. सगळे डबे माझ्यावर. काय गार वाटलं म्हणून सांगू!

शनिवार, ८
धाकटीला कुणी काम सांगितलं नाही. मुकादमबाई तिच्या अंगावरून पुढे गेली. मी विचारलं, तर म्हणे, आपण पहिल्यापासून पाचच. घरी सासूबाईंनी तिचं ताट वाढलं नाही. दीर म्हणाला, वहिनी, कोण धाकटी?

सोमवार, १०
तिचे मजलेही मला. जिना पुसत होते. वर बघितलं, तर वरच्या मजल्यावर काच पुसणारी— मीच. दोन्हीकडचे हात दुखतात. टकला हसला. म्हणे, हात मोकळे आहेत का, हे बघायची ओळ लिहायची राहिली.

मंगळवार, ११
फुली पुसायला गेले. पडद्यावर तिचं नावच नाही. फुली कशापुढची पुसू?
धाकटी दाराशी उभी. मला एकटीलाच दिसते. एकच म्हणते— जाऊबाई, मला काम द्या.

बुधवार, १२
इंजिनिअरसाहेब, ही चिठ्ठी तुमच्या टेबलावर ठेवतेय. धाकटीला यादीत परत घाला. पहिली घाला. मी चकार शब्द काढणार नाही. पाच ठिकाणी पुसतेय मी— बादली एकच—
शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे. हो की नाही. पण शनिवारी मला कोण ओळखणार, कारण चौथ्या मजल्यावरची मी आत्ता यादीपुढे बसलीय, आणि तिनं माझ्या नावापु—