मामांना निवांत जागा नको

लिंबायत, सुरत. रविवार, १२ जानेवारी १९९७, संध्याकाळ

मामा-मामींना घेऊन मुंबईहून गोव्याला बोटीने जायचं, एक दिवस फिरायचं आणि विमानाने परत. तो मधला दिवस काही ठरता ठरत नाही. वय झालेली माणसं, शांतता हवी, म्हणून मी एक निवांत किनारा शोधला, तर मामींनीच हात जोडले. "तठे नको, माय. आवाज बंद पडना का यासले वाटस लाइट गई."

खरंच की! सगळा जन्म पॉवरलूमवर गेलेला माणूस. खडखडाटात घोरतो आणि वीज गेली की दचकून उठतो. शांतता म्हणजे काहीतरी बिघडलं, असं वाटत असेल का त्यांना? किनारा रद्द. बाजार आणि फेरीबोटीचा धक्का पक्का.

विमानाचं मात्र अडलेलंच. आठवडाभर समजावतेय, मामांचा नन्नाच. आज जेवता जेवता हळूच विचारलं त्यांनी, "इमानमा आवाज ऱ्हास का?"

"कान बधिर होतील इतका, मामा. उतरेपर्यंत थांबत नाही."

"मंग कसानं भ्याव?" म्हणाले, आणि आणखी एक भाकरी मागितली.