लेकरांची तासं

कुरुळी,
सोमवार, ७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय आईंना,
मिनलचा सविनय जय भीम.

मागच्या पत्रात आपल्या निशीचं वजन चौदा किलो लिहिलं होतं, ते चूक आहे. काट्यावर उभी राहिली तेव्हा तिच्या पाठीवर दप्तर होतं आणि गळ्यात पाण्याची भरलेली बाटली. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, पण तोवर पत्र पेटीत पडलं होतं. खरं साडेबाराच असेल. माझ्या आबांनी मला शाळेच्या आधी घरीच लिहायला शिकवलं. ते चुकलेलं खोडू द्यायचे नाहीत, खाली बरोबर लिहायला लावायचे. म्हणून हे सगळ्यात आधी.

आता चांगली बातमी. परवा परत वजन केलं. दप्तर, बाटली, बूट, सगळं उतरवून. चौदा भरलं! मी डॉक्टरांना काटा तपासायला सांगितला. ते स्वतःच त्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "काटा बरोबर आहे हो, माझंच जास्त आहे." मग विचारलं, "काय खायला घालता हिला?"

पोळ्यानंतर खंडू भावजींनी तुमच्याकडून आणलेली पिशवी मी सांगितली. मूग, चवळी, तीळ, वाळवलेली अंबाडी, आणि ती दोन वाळकं, जी निशीनं बसल्या बसल्या संपवली. जंताचं औषधही चालू होतं, तेव्हा सगळं श्रेय तुमच्या मुगाला देता येणार नाही. पण जूनमध्ये गावाहून इथं आणल्यापासून पोर भात, बिस्किटं आणि नूडल्सवर होती. भाताचाही घास गालात धरून बसायची. घरमालकीण इंदुताई रोज दारातून विचारायच्या, "न्हाई खाल्लं व्हय आज बी?" मला रडू यायचं.

आता निशी उसळीची वाटी घेऊन त्यांच्याच पायरीवर बसते. काल त्या म्हणाल्या, "मला बी दे की घासभर." ही म्हणाली, "नाही. ही लेकरांच्या तासांतली आहे. तुम्ही लेकरू आहात का?"

"ही कसली गं भानगड?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, बांधाकडची चार तासं, म्हणजे पेरणीच्या चार ओळी, आमच्या सासूबाई तिफणीनं पेरू देत नाहीत. तिथं त्या हातानं मूग, चवळी, अंबाडी, वाळूक असं मिसळून टाकतात. हिवाळ्यात करडई, वाटाणा, मेथी. त्यातलं विकायचं नाही, पाहुण्यालाही द्यायचं नाही. घरातल्या लेकरांनीच खायचं.

आई, दीड महिना तुम्ही तुमच्या संघर्षशी बोलत नाही. बियाण्यांच्या कंपनीसाठी दोन्ही एकर हरभरा लावायचा, मध्ये दुसरं रोपटं चालणार नाही, त्यात तुमची तासंही गेली, हे तुमच्या मुलानं ठरवलं असं तुम्हाला वाटतं. त्यांनी नाही ठरवलं. कंपनीच्या माणसाचा फोन आला तेव्हा हे शिफ्टला होते. मी बोलले. "बांधापासून बांधापर्यंत ना?" त्यानं विचारलं, मी हो म्हणाले. वाटलं, चाकणच्या बाजारात भाज्यांचे ढीग असतात, चार तासांचं काय एवढं. ढीग असतात हे खरं. मी आणते मात्र कांदे आणि बटाटे.

यांनी माझं नाव सांगितलं नाही. म्हणाले, "आई माझ्यावर रागावली तर मी जेवून झोपतो. तुझ्यावर रागावली तर तू महिनाभर जेवायची नाहीस."

आज सकाळी कंपनीच्या त्या माणसाला फोन केला. काय बोलायचं ते आधी पाठ केलं होतं. तो सहज म्हणाला, "सोडा की ताई चार तासं. मध्ये दहा-बारा हात मोकळं ठेवा, आणि तुमच्या तासांत हरभरा टाकू नका." एवढंच! फोन ठेवला आणि उभ्या उभ्या अख्खी भाकरी खाल्ली.

यांच्याशी बोला, आई. माझ्याशी नंतर बोललात तरी चालेल.

खंडू भावजींना सांगा, बांधाकडे तिफण नेऊ नका. यांना गुरुवारी सुट्टी असते. आदल्या रात्रीच्या गाडीनं आम्ही तिघं निघतो. बी काढून ठेवा. किती मुठी करडईला किती मेथी, ते मला येत नाही, ते शिकवा. यंदा ती चार तासं तुमच्याबरोबर मी पेरणार आहे. रागवायचं असेल तर तिथंच, बांधावर रागवा.

तुमची
मिनल

पोहोचतो : गुरुवार, १७ ऑक्टोबर.