या जेवायला

बाकोलोर, पांपांगा
ऑगस्ट १९०२

चिरंजीव अपोलोनियो यास थोरला भाऊ सेवेरिनोचे आशीर्वाद.

हाँगकाँगची दमट हवा तुझ्या छातीला मानवत असावी अशी अपेक्षा आहे. मानवत नसल्यास तसे लिहू नकोस. तुझे पत्र वाचून दाखवले की आपली स्वयंपाकीण मार्सेला चुलीपाशी रडत बसते आणि भात करपतो.

तू लिहितोस की, आपल्या मेजावर अमेरिकन जेवतो आहे तोवर या घराचा उंबरा ओलांडणार नाहीस. वाक्य उत्तम आहे. पण वस्तुस्थिती क्रमाने समजून घे. पहिली गोष्ट, अमेरिकन आरमार आपल्या बेटांना स्पेनच्या तावडीतून सोडवायला आले. दुसरी, सोडवून झाले. तिसरी, ते परत गेले नाही. चौथी, स्पेनने पॅरिसला बसून आपल्याला त्यांच्या हवाली केले, आणि त्या बैठकीत आपल्यापैकी कुणालाही खुर्ची नव्हती. पाचवी, युद्ध झाले, आपण हरलो (तू हा शब्द वापरत नाहीस, मला ठाऊक आहे) आणि तोफांच्या मागोमाग शिक्षक आले. सहावी, त्यांपैकी हार्लन प्रुइट नावाचा एक लालबुंद तरुण सरकारी हुकमाने आपल्या मागच्या खोलीत उतरवला गेला. इथवर माझा काडीइतका दोष नाही.

सातवी गोष्ट जरा नाजूक आहे. पहिल्या संध्याकाळी मी जेवत असताना तो दारावरून चालला होता आणि मी 'या जेवायला' म्हणालो. आता, जेवताना नजरेस पडेल त्याला आपण हे म्हणतोच; गाडीवानाला म्हणतो, ज्याच्याशी जमिनीचा दावा चालू आहे त्यालाही म्हणतो. तो 'आत्ताच जेवलो' म्हणतो, भले सकाळपासून उपाशी असो, आणि दोघांचीही अब्रू राहते. खरोखर बोलवायचे असेल तर तीनदा म्हणावे लागते, तेव्हा कुठे माणूस तिसऱ्या खेपेला बसतो. हे आपल्याकडे रांगत्या मुलालाही कळते. प्रुइट पहिल्या खेपेलाच बसला. तोही बाबांच्या खुर्चीत, कारण ती रिकामी होती. (रिकामी दिसणारी वस्तू आपल्यासाठीच राखून ठेवलेली असते, असे या लोकांना अगदी प्रामाणिकपणे वाटते. बेटांच्या बाबतीतही त्यांचे असेच झाले असावे.)

दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला. मी उपाय केले. आंबवलेल्या भातातली मासळी वाढली, जिच्या वासाने स्पॅनिश पाद्री अंगणातूनच आशीर्वाद देऊन परतत असे. प्रुइटने दोनदा मागून घेतली. मी लॅटिनमध्ये बोलू लागलो, तर त्याने वही आणली. (त्याचे उच्चार ऐकून माझे जेवण बरेच दिवस अर्धे राहिले.) शेवटी मी त्याला तो रिवाज, त्याचा उगम आणि त्यामागचे तत्त्वज्ञान, मासळी थंड होईपर्यंत समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग तुम्हाला खरंच कुणी यायला हवं असेल, तर काय म्हणता?"

"हेच म्हणतो. तीनदा."

"म्हणजे मी तुमचे दोनदा म्हणण्याचे कष्ट वाचवले," तो म्हणाला आणि भात पुढे ओढला.

अशा माणसाशी वाद घालणे माझ्या शिक्षणाला शोभत नाही. गेल्या महिन्यात त्याची दूर दक्षिणेला मिंदानाव बेटावर बदली झाली. जाताना त्याने माझा हात इतका हलवला की खांदा दुखला. मी त्याला शुद्ध लॅटिनमध्ये निरोप दिला, आणि त्याने उत्तर दिले ते चुकीच्या विभक्तीत. मी ते सुधारले नाही. आता घर शांत आहे, मेज स्वच्छ आहे, आणि मला फार बरे वाटते.

मी खिडकीपाशी बसून जेवतो. शेजारचा बेनितो जातो, त्याला 'या जेवायला' म्हणतो. तो आत्ताच जेवलेला असतो. माझे लॅटिनचे जुने विद्यार्थी इंग्रजीच्या वर्गाला जाताना टोपी काढतात. तेही आत्ताच जेवलेले असतात. सगळा गाव सुसंस्कृत आहे, एकही माणूस येत नाही. काल मार्सेला ताट उचलताना म्हणाली, "मालक, एखादा रानटी शोधून आणू का? निदान भात तरी संपेल." मी तिला योग्य ती समज दिली. ती म्हणाली की, समज द्यायलाही आता घरात तीच एक उरली आहे.

प्रकृतीस जपावे. बाकी सर्व ठीक.

तुझा थोरला भाऊ
सेवेरिनो

ता. क. 'मला फार बरे वाटते' हे वरचे वाक्य खोडून वाचावे. पत्र पुन्हा लिहून काढण्याइतका चांगला कागद घरात उरलेला नाही.

ता. क. दुसरा. परतणाऱ्यांना बंदरावर अमेरिकन सरकारशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. त्याबाबत मी काहीही सुचवत नाही. शपथ तुझी आहे आणि मानही तुझा आहे. मात्र तू घातलेली अट मेजावरच्या अमेरिकनाची होती, आणि मेजावर आता अमेरिकन नाही. बाबांची खुर्ची मी पुसून घेतली आहे.

ता. क. तिसरा. ईस्टरला मी तुला 'ये' असे लिहिले, तू नम्र नकार दिलास. जूनमध्ये पुन्हा लिहिले, तू आणखी नम्र नकार दिलास. दोन्ही रिवाजाला धरून होते, म्हणून मी मनाला लावून घेतले नाहीत. हे माझे तिसरे बोलावणे आहे. उत्तर लेखी द्यावे. 'आत्ताच जेवलो' हे उत्तर स्वीकारले जाणार नाही.