स्टार्टर काढण्याबाबत

गेल्या बुधवारी दुपारी सव्वातीन वाजता मागच्या शेडमधला स्टार्टर फिरताना माझ्या पुतणीने ऐकला, म्हणून हे मृत्युपत्र आज लिहावे लागत आहे. तोवर तो आवाज फक्त मला येत असे, आणि माझ्यापुरता तो मी सव्वीस वर्षे बाजूला ठेवला होता.

मी, वय वर्षे शहात्तर, एका मेकॅनिकची विधवा आणि पदार्थविज्ञानाची निवृत्त शिक्षिका, हे स्वतःच्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. मला स्वतःला मात्र पुतणीचा कान अधिक भरवशाचा वाटतो. ती औषधांच्या दुकानात काम करते, डॉक्टरांचे अक्षर वाचते, तिला भास होत नाहीत. ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "काकू, शेडमध्ये गाडी कोण सुरू करतंय?"

मी म्हटले, "कुणी नाही. तिला बॅटरीच नाही."

"मग फिरतंय काय?"

याचे उत्तर कलम पाचमध्ये आहे. याआधीचा कागद मी फाडला आहे, तो कोणी शोधू नये.

१. घर. तीन खोल्या, अंगण आणि मागची शेड पुतणीला. मला मूलबाळ नाही, आणि आजारपणात माझे पाय तिनेच चेपले आहेत, तेही न बोलता, जे मला जास्त आवडले. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधी वर उचलावी आणि मग ओढावी. नुसती ओढली तर हातात येते.

२. बँकेतल्या ठेवींवर वारसाचे नाव घातलेले आहे. त्यासाठी इथे शाई खर्च करत नाही.

३. शेजारच्या शिंप्यांकडे माझी शिडी अकरा वर्षांपासून आहे. ती त्यांचीच समजावी. हे मी जिवंतपणी दिलेले दान आहे, वारसा नव्हे, कारण ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये एवढा कायदा मला कळतो.

४. हत्यारे. शेडच्या भिंतीवर यांनी प्रत्येक पान्याची बाह्यरेषा पांढऱ्या रंगाने काढून ठेवली होती, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते दारातूनच दिसावे. ही सगळी हत्यारे माझ्या दिरांना, म्हणजे पुतणीच्या वडिलांना. भिंतीच्या टोकाला एक मोकळा खिळा आहे. तो लाल फडक्याचा. शेडचा नियम एकच होता: ज्याचे हात गाडीत असतील त्याने हँडलला लाल फडके बांधायचे. फडके दिसले की चावी, किक, बटण कशालाही कोणी हात लावायचा नाही. फडके नसेल तर गाडी मोकळी. चाळीस वर्षांत एकाचेही बोट त्या शेडमध्ये गेले नाही.

५. मोटारसायकल. ती साधारण माझ्याच वयाची आहे आणि मूळची फक्त किकवर सुरू होणारी. एकदा किक उलटली आणि यांचा गुडघा कायमचा गेला. मी म्हटले, "बटण बसवून घ्या."

हे म्हणाले, "अगं, म्हातारीला कवळी बसवल्यासारखं दिसेल."

"दिसू दे. चावता तरी येईल."

मी हट्टाला पेटले की घरात कोणाचे चालत नसे. स्टार्टर भाऊजींनी, म्हणजे याच दिरांनी, बसवला. ते तेव्हा आसपासच्या सगळ्या गॅरेजांचे वायरिंग करत, आणि त्यांनी बांधलेला जोड पुन्हा उघडावा लागत नाही अशी त्यांची ख्याती होती. बॅटरी उतरू नये म्हणून रोज एकदा बटण दाबायचे काम मी माझ्याकडे घेतले. शाळेतून सव्वातीनला येई, पिशवी पायरीवर ठेवी आणि आधी शेडमध्ये जाई.

त्या दिवशी सकाळी मी लाल फडके धुतले. त्याच्यावर ग्रीसचा इतका थर होता की लाल रंग आठवून पाहावा लागे. कोणाला न विचारता ते सोडा घालून उकळले, अंगणातल्या दोरीवर टाकले आणि शाळेत गेले.

दुपारी परतताना दोरीवरचे फडके चाचपले. ओलेच होते. तिथून शेडमध्ये गेले. हँडलला फडके नव्हते, म्हणजे गाडी मोकळी. ओले फडके दोरीवर आहे आणि म्हणून ते हँडलवर असूच शकत नाही, या दोन गोष्टी जोडायला माझ्या वर्गातल्या सर्वांत ढ मुलालाही वेळ लागला नसता. मला लागला.

हे पुढच्या दिव्याचा बल्ब बदलत होते, म्हणून चावी फिरवलेली होती. शेडची फरशी मोरीकडे उतरती आहे, म्हणून गाडी घरंगळू नये यासाठी गिअरमध्ये टाकलेली होती. दिव्याचा स्क्रू पडला, तो शोधायला हे चाकापुढे, लोखंडी बाकाशी वाकले होते. मी उन्हातून अंधारात आले होते. मला गाडी दिसली, माणूस दिसला नाही. मी बटण दाबले. भाऊजींनी बसवलेला स्टार्टर पहिल्या फेरीतच इंजिन उचलत असे. त्या दिवशीही त्याने उचलले, आणि गिअरमधली गाडी पुढे झेपावली. चाक आणि बाक यांच्यात दोन हात जागा होती.

माझी किंकाळी ऐकून शिंपी धावत आले. "बाई, काय झालं हो?"

मी म्हटले, "आपोआप सुरू झाली."

हे तीन शब्द मी बोलले. पुढचे सगळे लोकांनी बोलून टाकले. शिंप्यांनी ही गोष्ट सव्वीस वर्षे सांगितली आणि दरवर्षी ती सुधारत गेली. आता तिच्यात ठिणग्याही उडतात. म्हणूनच साक्षीला मी त्यांना बोलावले आहे.

हे नऊ दिवस जगले. शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे पाहून पहिले वाक्य बोलले ते असे: "फडकं वाळलं का?" रागाने नाही. कपडे वाळले का हे विचारावे तसे. म्हणजे त्यांना सगळे ठाऊक होते. चौथ्या दिवशी भाऊजी पलंगापाशी बसून म्हणाले, "दादा, रिले चिकटला असेल का रे? माझ्याकडून काही राहिलं का?" यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग भावाकडे, आणि म्हणाले, "असेल."

ज्याला तांत्रिक भाग कळत नाही त्याच्यासाठी लिहिते. बटण दाबले की रिले वीज पुढे सोडतो. तो चिकटला तर बटण न दाबताही स्टार्टर फिरतो. भाऊजींना हेच वाटले. त्यांनी बॅटरी काढून नेली, पण रिले उघडून पाहायचे धाडस त्यांना झाले नाही. विजेचे काम त्यांनी त्या आठवड्यात सोडले. तेव्हापासून फोटोंना चौकटी करतात. घराबाहेर पडताना प्रत्येक बटण तीनदा पाहतात. पुतणी त्यांची नक्कल करून हसते. मी कधी हसले नाही.

आवाज वर्षश्राद्धाच्याही आधी, पहिल्याच महिन्यात सुरू झाला. रोज येत नाही. येतो तेव्हा सव्वातीनला येतो. मी केबल कापली. आवाज थांबला नाही. फडके मी त्याच्या खिळ्यावर परत लावले होते. ते वाळत नाही. भर उन्हाळ्यात काढून शाळेच्या तराजूवर वजन केले, पुन्हा तीन दिवस उन्हात ठेवून केले. काटा हलला नाही. निरीक्षणे लिहिलेली वही कपाटात वरच्या खणात आहे. निष्कर्षाची जागा कोरी सोडली आहे.

मोटारसायकल पुतणीला, कारण तिने ती मागितली आहे. "काकू, बटणावर सुरू होते ना, मग मला जमेल," असे ती म्हणाली. नाही जमणार. स्टार्टर, रिले आणि बटण काढल्याशिवाय ही गाडी कोणालाही मिळू नये. काढायचे काम माझ्या दिरांनीच करावे. रिले त्यांनी उघडून पाहावा.

६. नणंदबाई. स्मशानातून परतल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत भाऊजींना म्हटले होते, "तूच खाल्लास भावाला." मी चार हात अंतरावर उभी होते. कलम पाच त्यांना वाचून दाखवावे. टपालाने पाठवू नये, त्या माझी पत्रे उघडत नाहीत. ऐकू कमी येते म्हणतील. मोठ्याने वाचावे.

७. माझा यांच्यावर एक राग आहे तो इथे नोंदवते. मला वाचवायला यांनी सख्ख्या धाकट्या भावाला पुढे केले. "असेल" म्हणायला नको होते.

८. इथवर लिहून रात्र गेली. सकाळी वाचले तेव्हा कळले की मी पुन्हा तेच करते आहे. मेल्यावर हा कागद भाऊजींच्या हातात पडेल आणि भांडायला समोर कोणी नसेल. म्हणून कलम पाचची अंमलबजावणी माझ्या हयातीतच व्हावी. पुतणीला निरोप दिला आहे: रविवारी वडिलांना घेऊन ये. हत्यारे आणायची गरज नाही.

लिहून ठेवणार: मी स्वतः, सही केली.
साक्षीदार: शेजारचे शिंपी (पूर्ण वाचून, दोनदा पाणी पिऊन सही केली), डॉक्टरीणबाई.
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल.
दिनांक: ९ मार्च, शनिवार.

पुरवणी, दिनांक १० मार्च, त्याच साक्षीदारांसमोर.

भाऊजींनी कलम पाच उभ्यानेच वाचले. मग शेडमध्ये गेले. खिळ्यावरचे फडके काढून त्यांनी हँडलला बांधले. गाडीला बॅटरी नाही, केबल तुटलेली, तरी बांधले. तेव्हा सव्वादोन झाले होते. गंजलेले बोल्ट निघायला वेळ लागला. शेवटी त्यांनी रिले उघडला आणि दारापाशी उजेडात धरला.

"वहिनी, टोकं स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "काम चोख केलं होतं मी."

मी म्हटले, "हो."

"दादा 'असेल' म्हणाला तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"तिथंच. पाण्याचा पेला धरून."

"मग सातवं कलम त्याच्या नावावर कसं? बोलता तर तुम्हालाही येत होतं."

कलम सात मी तिथेच, त्यांच्यासमोर रेघ मारून रद्द केले. तो राग ज्याच्या नावावर असायला हवा तो माणूस हे लिहीत आहे.

सव्वातीन झाले. मी साडेतीनपर्यंत दारात उभी राहिले. शेवटी पुतणी म्हणाली, "काकू, बसा आता." चहा भाऊजींनी घेतला नाही. पुढच्या रविवारी किकची स्प्रिंग घेऊन येतो म्हणाले. मला नाही, तिला. जाताना शिंप्यांना एवढेच म्हणाले, "मास्तर, ठिणग्या काढून टाका गोष्टीतल्या."

सोपवलेल्या वस्तू:

दिरांकडे: भिंतीवरची हत्यारे, सर्व, एकही बाह्यरेषा रिकामी नाही. रिले, उघडलेला, नग एक. स्टार्टर, नग एक. बटण, नग एक.

पुतणीकडे: मोटारसायकल, किकवर चालणारी. चावी. शेडचा नियम, तोंडी.

हँडलवरून सोडून माझ्या हातात दिले: लाल फडके, नग एक. वाळलेले.